पुरवणीत राहायचं की मुख्य कोशात?

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. लाखनी तालुक्यात त्यांची बरीच नोकरी गेली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासले. त्यांचा स्वतःचा मात्र एकच लेख छापून आला, तोही शाळेच्या स्मरणिकेत. लेख आहे दादांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या जनाज्यावर. पावसाळा, ऐन रोवणीचे दिवस. कब्रस्तानाची वाट मामा तलावाच्या पाळीवरून जाणारी. बांधीत वाकून परहे लावत असलेली माणसं हातातल्या जुड्या तशाच चिखलात टाकून पाळीवर आली, आणि भिजत खांदा देत गेली. सगळा लेख दोन पानांचा.

ती स्मरणिका आता हातात धरली तरी कागदाचे तुकडे पडतात. म्हणून मी भाच्याला बसवलं. तो इंजिनिअरिंगला आहे. आमच्या घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर त्याने लिनक्स टाकून दिलं होतं, कारण दुसरं काही त्यावर धड चालत नव्हतं. पानांचे फोटो काढले आणि ते त्याने 'टेसरॅक्ट' नावाच्या प्रोग्रामला दिले. हा प्रोग्राम चित्रातला छापील मजकूर ओळखून त्याची अक्षरं करून देतो. त्याला ना खिडक्या आहेत ना बटणं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि वाट पाहायची. वाट पाहिली. बाहेर आला तो इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा खिचडा.

"मामू, इसको मराठी आतीच नहीं," भाचा म्हणाला. "सिखाना पडेगा."

शिकवायला त्याला मिनिटभरही लागलं नाही. त्याने एका ओळीची आज्ञा दिली. 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' नावाचं छोटंसं पॅकेज उतरलं, आणि तीच आज्ञा भाषेचं नाव जोडून पुन्हा दिल्यावर पडद्यावर अब्बांची वाक्यं येऊ लागली. काही अक्षरं चुकली होती, जुन्या छपाईत शाई पसरली होती. पण वाक्यं त्यांचीच होती. मी थोडा वेळ काही बोललो नाही.

आजचा लेख त्या 'मार'बद्दल आहे, आणि त्यानंतर जे घडलं त्याबद्दल.

टेसरॅक्ट मुळात एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झालं. २००५ साली ते खुलं करण्यात आलं आणि पुढे गूगलने त्यावर बरीच वर्षं काम केलं. आज ते शंभराहून जास्त भाषा ओळखतं, पण त्या सगळ्या भाषा त्याच्या पोटात नसतात. प्रोग्राम वेगळा, भाषा वेगळ्या. ज्याला मराठी हवी त्याने मराठीचं पॅकेज घ्यायचं, ज्याला उर्दू हवी त्याने उर्दूचं. उर्दूचंही आहे, 'उर्द' नावाचं. आम्ही घरातलं एक जुनं उर्दू पान देऊन पाहिलं. नस्तालिकच्या वळणांपुढे ते पार गडबडलं, पण तो विषय वेगळा.

मराठी ओळखायला यंत्राला शिकवणं हे मोठं काम, आणि ते ज्यांनी केलं त्यांना मान मिळायलाच हवा. पण ती शिकवलेली फाईल भंडाऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर एका आज्ञेत येते ती दुसऱ्याच कोणाच्या कामामुळे. ती फाईल कोणत्या फोल्डरमध्ये बसली पाहिजे, प्रोग्रामची आवृत्ती बदलली की तो फोल्डरही बदलतो हे कोणी लक्षात ठेवायचं, सोबत काय लागतं, काढून टाकली तर मागे कचरा राहता कामा नये, ती कोणाची आहे आणि वाटायला परवानगी आहे का, हे सगळं कोणीतरी बसून लिहून काढलेलं असतं. डेबियन या १९९३ पासून चालत आलेल्या लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेजसोबत अशी कागदपत्रं असतात. एकात नाव आणि अवलंबन, दुसऱ्यात प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद, तिसऱ्यात हक्क कोणाचे, चौथ्यात बांधायचं कसं. हे लिहिणारे बहुतेक स्वयंसेवक असतात.

आपण धानाच्या जिल्ह्यातले लोक. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. धान पिकवणाऱ्याचं कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे. पण धान खळ्यावरच राहिलं तर खाणार कोण? कोणीतरी ते भरडतो, वजन करतो, पोत्यात भरतो, पोत्याचं तोंड शिवतो, वर जात आणि वजन लिहितो. पोतं शिवणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. पॅकेज बांधणं म्हणजे पोतं शिवणं.

आता पुढचं. अब्बांचा मजकूर आला, तो तपासायचा होता. त्यासाठी 'हनस्पेल' नावाचा दुसरा प्रोग्राम आहे. त्यावर मराठीचा कोश बसवून मजकूर उघडला, आणि पान लाल झालं. 'नमाज' सुटला, 'दर्गा' सुटला. पण 'जनाज्याला' लाल. 'मय्यतीला' लाल. 'फुफूने' लाल. 'वजू' लाल. मला वाटलं, झालं, आपलं नेहमीचंच. पण जरा खाली पाहिलं तर 'परहे' लाल होता, 'बोडी' लाल होता, 'रोवण्याच्या' लाल होता. 'परहे'ऐवजी सुचवलेला शब्द होता 'परके'.

म्हणजे यंत्राचा राग मुसलमानावर नव्हता. अब्बांच्या घरातले शब्द आणि त्यांच्या गावाच्या बांधीतले शब्द त्याने एकाच रांगेत उभे केले होते. ज्या कोणी हा कोश केला त्याच्या घरात आणि वाचनात हे शब्द नव्हते, इतकंच. तो काही आपला वैरी नाही. उलट त्याने फुकट, स्वतःच्या वेळात केलेलं काम आपण वापरतो आहोत. मराठीत असं काम केलेली माणसं मोजकी आहेत. शंतनू ओक यांनी फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिससाठी मराठी शुद्धलेखन तपासणीची भर तयार करून सर्वांना खुली केली. फेडोरा लिनक्समध्ये हनस्पेलसाठी आणि डेबियनमध्ये 'अॅस्पेल' या दुसऱ्या तपासनीसासाठी मराठीची पॅकेजं अनेक वर्षांपासून आहेत. त्यांनी सुरुवात केली म्हणून आज आपल्याला त्यात काय नाही हे बोलता येतं.

हनस्पेलची घडण समजून घेण्यासारखी आहे. लास्लो नेमेथ या हंगेरीच्या माणसाने तो आपल्या भाषेसाठी केला. हंगेरियन भाषेतही मराठीसारखेच शब्दाला प्रत्यय चिकटतात. 'घर, घरात, घरातला, घरातल्यांना' असा प्रत्येक शब्द वेगळा लिहून ठेवायचा म्हटलं तर कोशाला अंत राहणार नाही. म्हणून त्याने दोन फायली केल्या. एकीत मूळ शब्द, प्रत्येकापुढे एक खूण. दुसरीत व्याकरण: या खुणेचा शब्द असेल तर सामान्यरूप असं होईल आणि पुढे हे हे प्रत्यय लागतील. 'वाडा'चा 'वाड्याला' होतो तसा 'जनाजा'चा 'जनाज्याला' होतो. व्याकरण आधीच तिथे आहे. फक्त 'जनाजा' हा शब्द यादीत घालून त्याच्यापुढे योग्य खूण करायला कोणी हजर नव्हतं.

आणि हनस्पेलमध्ये आणखी एक सोय आहे. मुख्य कोशासोबत त्याला जास्तीचे कोश जोडता येतात. त्याच्या माहितीपत्रकात वैद्यकाच्या आणि भूगोलाच्या पुरवणी कोशांची उदाहरणं दिली आहेत. या पुरवणी कोशाला स्वतःची व्याकरणाची फाईल नसते. तो मुख्य कोशाच्याच व्याकरणावर चालतो.

हे वाचल्यावर भाचा उठून बसला. "मामू, अपना पॅकेज बनाते ना! मुस्लिम मराठी कोश. सब अपने अल्फाज डाल देंगे."

मलाही आधी तेच वाटलं. पहिल्या रात्री आम्ही शंभरेक शब्द काढले. अम्मीला विचारून फुफू, खाला, दुल्हेभाई. मग वजू, सहर, इफ्तार, कफन, दफन, मिलाद, निकाहनामा, मेहर. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला ते नाव खटकायला लागलं.

विचार करा. असं एक पॅकेज तयार झालं. ते कोण बसवेल? तुम्ही बसवाल, मी बसवेन. भंडाऱ्याच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर बसवेल का? पाठ्यपुस्तक जुळवणारा बसवेल का? तहसील कचेरीतला संगणक चालवणारा बसवेल का? त्यांच्या पडद्यावर 'जनाज्याला' लालच राहील. ते त्याचा 'जमान्याला' करतील किंवा शब्दच टाळून 'अंत्ययात्रेला' लिहितील. आपल्या पडद्यावरच्या रेघा जातील आणि आपल्याला वाटेल काम झालं. मराठीच्या मुख्य कोशातली उणीव होती तिथेच राहील, वर 'त्यांचा त्यांचा कोश आहे ना वेगळा' म्हणायलाही जागा होईल.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हापासून तो विचारला जातो आहे. वेगळा मंडप कशाला? उत्तर तेव्हाही सरळ होतं. मोठ्या मंडपात बोलायला उभं राहू देत नाहीत म्हणून. ते उत्तर मला आजही पटतं. पण वेगळा मंडप हा मोठ्या मंडपात जायचा रस्ता असतो, मुक्काम नव्हे. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत, मुस्लिम मराठीत नव्हे. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ ची, ती मराठी कादंबरी म्हणूनच वाचली जाते. आणि आपले शब्द म्हणजे तरी काय? अर्ज, वकील, कायदा, हक्क, दस्तऐवज, जमीन, जिल्हा, तहसील, मालगुजारी. हे काढले तर भंडाऱ्याच्या कचेरीत मराठीतून एक कागद लिहून दाखवा. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध केला तो याच शब्दांचा. 'हक्क' मुख्य कोशात आणि 'मेहर' पुरवणीत, याला कोणतं व्याकरण आहे?

पण आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती खोटी नाही. मी तावातावाने भाच्याला म्हणालो, सगळे शब्द मुख्य कोशातच गेले पाहिजेत. तो शांतपणे म्हणाला, "मामू, 'सहर' डालेंगे तो 'शहर' की गलती कौन पकडेगा?"

मी गप्प. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोशाचं काम शब्द मिरवण्याचं नसतं, चूक पकडण्याचं असतं. त्यात कमी वापराचे शब्द भरमसाट घातले तर नेहमीच्या शब्दांच्या चुका त्यांच्या आडून निसटतात. कोणी 'शहर' लिहिताना 'सहर' लिहिलं तर यंत्र म्हणेल, बरोबर आहे, असा शब्द आहे. आपल्याच गावचं उदाहरण घ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ब आणि ह शेजारी आहेत. बोट घसरलं की 'होडी'ची 'बोडी' होते. आमच्या तलावांच्या जिल्ह्यात दोन्ही एका वाक्यात येऊ शकतात, आम्हाला संदर्भ कळेल. पण रत्नागिरीत होडीवर लिहिणाऱ्याला यंत्राने ती चूक दाखवायलाच हवी. मोठा कोश म्हणजे चांगला कोश असं नाही.

म्हणून आम्ही शब्दांचे ढीग केले. एका ढिगात असे शब्द की जे कोणत्याही मराठी वर्तमानपत्रात येतात किंवा यायला हवेत, ज्यांच्यामुळे दुसऱ्या शब्दाची चूक झाकली जात नाही: जनाजा, मेहर, इफ्तार, कफन, दफन, फुफू, खाला, आणि तसेच परहे, रोवणी, बांधी, दंडार. हे मुख्य कोशातच गेले पाहिजेत. त्याला पर्याय नाही आणि त्यासाठी भांडावं लागलं तर भांडावं. दुसऱ्या ढिगात सहर, बोडी यांसारखे, जे खरे आहेत पण धोक्याचे आहेत, आणि ज्यांना लागतात त्यांनी मुद्दाम जोडून घ्यावेत. ही झाली पुरवणी. तिचं नाव मुस्लिम कोश नाही. त्यात मुसलमानाच्या घरचा शब्द आहे, झाडीपट्टीतल्या कुणब्याचा आणि ढिवराचा शब्द आहे. ती पूर्व विदर्भाच्या मराठीची पुरवणी आहे. अब्बांच्या लेखात हे शब्द जसे शेजारी बसले होते तसेच इथे बसतील.

आता कामाचं बोलतो. यादी करणं ही गंमत असते, तिला आठ-दहा दिवस पुरले. खरं काम नंतर सुरू झालं.

पहिलं, हक्काचं. डेबियनमध्ये नवं पॅकेज आलं की त्यातली हक्काची नोंद माणसं डोळ्यांनी तपासतात. शब्द कुठून आणले हे सांगावं लागतं. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, तिचा शब्दकोश केला. तो समोर ठेवून शब्द उतरवून घेण्याचा मोह होतो. तो टाळायचा. कोणाच्या कष्टाचं पुस्तक उचलून त्यावर 'सर्वांसाठी खुलं' असा शिक्का आपण मारू शकत नाही. परवानगी घ्या, नाही तर स्वतः माणसांना विचारून गोळा करा. अमानत म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

दुसरं, लेखनाचं. मशीद की मस्जिद? सय्यद की सैयद? परहे की पऱ्हे? आमच्या घरातच एकमत झालं नाही. दोन्ही घ्यावेत की एकच, याचा निर्णय प्रत्येक शब्दागणिक करावा लागतो आणि त्याचं कारण लिहून ठेवावं लागतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, सांभाळायचं. डेबियनमध्ये पॅकेज सांभाळणारा सोडून गेला की त्या पॅकेजला चक्क 'अनाथ' म्हणतात, आणि दुसऱ्याने ते घेतलं की 'दत्तक' घेतलं म्हणतात. हे वाचून मला आमच्याच संस्था आठवल्या. किती वाचनालयं उद्घाटनाच्या फोटोपुरती उघडली? किती मासिकं तीन अंकांनी बंद पडली? कितीदा स्मरणिका निघाल्या आणि कोणीच जपून ठेवल्या नाहीत? आपल्याकडे सुरू करणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. दर दोन वर्षांनी नव्या आवृत्तीशी जुळवून घेणारा, कोणीतरी 'या शब्दाची खूण चुकली' असं कळवलं की रात्री बसून दुरुस्त करणारा, असा माणूस आपण तयार करत नाही. त्याला आपण कारकून समजतो.

काही मित्र म्हणतात, एवढी उठाठेव कशाला? मोबाईलमध्ये सगळं होतं, फोटो काढा, मजकूर मिळतो. मिळतो, मीही वापरतो. पण माझ्या मोबाईलला मी 'परहे' शिकवला तर तो माझ्या मोबाईलपुरता. तुमच्यासाठी तो शब्द कोशात घालायचा की नाही हे दूरवरची एखादी कंपनी ठरवते, आणि तिला आपण कोण हे माहीत नसतं. शिवाय घरातले सगळेच कागद दुसऱ्याच्या संगणकावर पाठवण्यासारखे नसतात. निकाहनामा, शेताचा जुना फेरफार, वाटणीपत्र हे घरातच वाचलेलं बरं. टेसरॅक्ट आणि हनस्पेल नेट बंद असतानाही आपल्याच यंत्रावर चालतात, आणि यादीत शब्द घालायचा हक्क ज्याला काम करायचं आहे त्याला असतो.

मल्याळी लोकांनी हे आपल्याआधी ओळखलं. 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' नावाचा त्यांचा स्वयंसेवकांचा गट २००२ पासून फॉन्ट, कीबोर्ड, तपासनीस करतो आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर शिकतात. तिथल्या पोराला आपल्या भाषेचं पॅकेज बांधणं म्हणजे परदेशी नोकरीची तयारी वाटत नाही, गावचं काम वाटतं. आपल्याकडे इंजिनिअर मुलं कमी नाहीत. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठल्याही मोहल्ल्यात एक तरी सापडेल. त्याला आपण लॅपटॉप दुरुस्त करायला बोलावतो. कधी भाषा दुरुस्त करायला बोलावलं आहे?

म्हणून माझं मागणं साधं आहे. तुमच्या घरात आणि गावात बोलला जाणारा, पण यंत्र ज्याच्याखाली रेघ मारतं असा शब्द मला कळवा. नुसता शब्द नको, सोबत एक पूर्ण वाक्य हवं, म्हणजे त्याचं लिंग कळेल, सामान्यरूप कळेल, खूण लावता येईल. हिंदू, बौद्ध, आदिवासी वाचकांनीही कळवावेत. यादी सगळ्यांची आहे. आणि घरात एखादा भाचा-पुतण्या असेल तर त्याला सांगा की पॅकेज बांधायला शिक आणि ते सांभाळायला मला साथ दे.

अब्बांचा लेख आम्ही टाइप करून, तपासून पूर्ण केला आहे. त्यातला एकही शब्द बदललेला नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर तो आता एकाही लाल रेघेशिवाय उघडतो. गेल्या आठवड्यात तोच लेख मी शेजारच्या गुरुजींना पाठवला. त्यांच्या संगणकावर 'जनाज्याला'खालीही रेघ आली आणि 'परहे'खालीही. त्यांचा फोन आला. "सर, तुमच्या वडिलांच्या लेखात एवढ्या चुका कशा?"

त्यांच्या पडद्यावरची ती रेघ जाईपर्यंत आमचं काम संपलेलं नाही.